कौतुनाचा न दुखणारा पाय

ओहोटी लागली की आमच्या गावाच्या आतल्या अंगाचा उथळ समुद्र सावकाश मागे सरतो आणि पाण्यातून दगडांची एक ओळ वर येऊ लागते. आधी एकच दगड दिसतो, बगळा बसल्यासारखा. मग त्याच्या शेजारी दुसरा. घटकाभरात सगळी पाळ उघडी पडते, ओली, काळी, शेवाळानं चकाकणारी. ती कौतुनाची कोंड, मासे अडवायची. किरिबातीतल्या आमच्या या बेटावर पूर्वी अशा पुष्कळ कोंडी होत्या असं म्हातारे सांगतात. आता धड उभी आहे ती एवढीच. बाकीच्यांनी नायलॉनची जाळी घेतली, कौतुनानं घेतली नाही.

कोंडीची रचना अशी, की किनाऱ्याकडे दोन लांब हात पसरलेले आणि त्या हातांच्या टोकाला, खोल पाण्याच्या बाजूला, एक गोल खोली. भरतीला मासे आत येतात. ओहोटीला पाण्यामागोमाग परत निघतात, पाळीला अंग लावून पोहत राहतात, आणि पाळ त्यांना त्या गोलात आणून सोडते. गोलाला दार नाही. तोंड उघडंच आहे. फक्त तोंडाच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या आहेत. भिंत धरून फिरणारा मासा तिथं आला की कडेबरोबर पुन्हा आतच वळतो. हातभर मध्ये सरकला असता तर सुटला असता, पण भिंत सोडायची त्याला सुचत नाही. लहानपणापासून मी ते बघत आलो आहे आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

मी कौतुनाचा मेव्हणा. माझी बहीण त्याला दिली होती. ती गेली त्याला आठ वर्षं झाली. घरात तो आणि त्याची मुलगी रोतिआ. रोतिआचं लग्न झालं होतं, नवरा परदेशी जहाजावर गेला तो तिकडचाच झाला, म्हणून ती बापाकडे परत आली. बाप आणि लेक दोघं मिळून कोंड सांभाळत. लाट रोज दगड पाडते आणि माणसानं ते रोज रचायचे. कौतुना म्हणे, ‘‘मेव्हणे, ही कोंड माझी नाही, मी हिचा आहे.’’ तेव्हा ते बोलणं मला फार आवडायचं.

बापलेकीचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कौतुना गोलातले मासे काढी आणि जिवंतच दोरीत ओवी. डोळ्यातून दोरी घालायची, दुसऱ्या डोळ्यातून काढायची, दोरी कमरेला, आणि पुढचा मासा. त्याचा बाप तसंच करी. रोतिआ मात्र प्रत्येक मासा आधी तोंडाशी नेई आणि डोक्याच्या मागं दातांनी कचकन चावा घेई. मासा एकदा थरथरे आणि संपे. मग ती ओवी. तिला अर्थातच दुप्पट वेळ लागे.

‘‘दात झिजतील,’’ कौतुना म्हणे.

‘‘झिजू देत. दुखतं त्यांना.’’

‘‘कोण म्हणतं? ओरडला का एक तरी?’’

‘‘बाबा, त्याच्या तोंडात पाणी आहे. तो ओरडणार कसा?’’

‘‘मग तुझ्याही तोंडात थोडं पाणी धर की. जरा शांतता होईल.’’

मी पाळीवर बसून हसत असे. रोतिआ काही हार मानणारी नव्हती.

‘‘बरं, पाकटीला दुखतं का?’’

‘‘पाकट काय मासा आहे? ती आजी आहे.’’

‘‘म्हणजे आजीला दुखतं आणि आजीच्या शेजारणीला दुखत नाही?’’

‘‘शेजारीण आपल्या कुळातली नाही,’’ कौतुना म्हणाला, आणि त्याच्या मते विषय तिथं मिटला.

पाकट, म्हणजे शेपटीत विषारी नांगी असलेला तो चपटा मासा, हे त्यांच्या कुळाचं देवक. तिचं मांस ते खात नाहीत, तिच्यावर भाला उगारत नाहीत, आणि ती आपल्या माणसाला कधी नांगी मारत नाही असं मानतात. कोंडीत पाकट सापडली की कौतुना गोलाच्या एका बाजूचे सुटे ठेवलेले दगड काढी आणि तिला वाट करून देई. त्या जागेला सगळं गाव ‘आजीची वाट’ म्हणतं. पाण्यात उभं राहून तो तिच्याशी बोले. ‘‘आजी, या वयात कुठं भटकतेस? चल, इकडून चल.’’ बाकीचे मासे गोल गोल फिरत राहत. त्यांना त्या वाटेनं जाऊ न देण्यासाठी रोतिआ जाळीची टोपली घेऊन उभी राही.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक पाकट आत आली. मोठी होती, जेवायला बसायच्या चटईएवढी. मी पाळीवर होतो, रोतिआ त्या दिवशी दवाखान्यात बायकांच्या सभेला गेली होती. कौतुनानं दगड काढले आणि पायानं वाळू ढवळत तिला वाटेकडे वळवू लागला. पाणी गुडघ्याइतकं. ती एकदम उसळली, शेपूट चमकलं, आणि दगडांमधून बाहेर निघून गेली.

‘‘गेली एकदाची,’’ कौतुना म्हणाला आणि दगड परत रचू लागला. दोन-चार दगड रचून झाले. मग तो खाली बघत म्हणाला, ‘‘मेव्हणे, हे रक्त कुणाचं?’’

त्याच्या पायाभोवती पाणी लाल झालं होतं. मी उडी मारून गेलो. घोट्याच्या वर मांसात नांगी मोडून रुतलेली, बोटाएवढी, करवतीसारखी. पाकटीची नांगी लागलेला माणूस मी बघितलेला आहे. धट्टाकट्टा गडी वाळूत लोळतो, आईला हाका मारतो, कढत पाण्यात पाय घालून दिवसभर रडतो. मी पक्कडीनं ती नांगी ओढून काढली. काढताना दाते उलटे असल्यामुळं मांसही आलं. कौतुना माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा होता, तोल जाऊ नये म्हणून. तो बघत होता आणि हसत होता.

‘‘दाजी, दुखत नाही?’’

‘‘नाही रे. काहीच नाही.’’ मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ‘‘मेव्हणे, आजी होती ना. तिनं ओळखलं मला. शेपूट लागलं, पण विष तिनं आत ठेवलं.’’

त्या दिवशी गावात जाऊन ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती मी. मला गोष्ट सांगता येते आणि ती गोष्ट सांगण्यासारखी होती. रविवारी प्रार्थनेनंतर मानेआबात, म्हणजे आमच्या सभाघरात, सगळी कुळं आपापल्या ठरलेल्या जागी बसली होती. मी नांगी सगळ्यांना फिरवून दाखवली. बिरीबोतात्या, कौतुनाच्या कुळातला सर्वांत म्हातारा, ती नांगी तळहातावर घेऊन बराच वेळ बसला. मग म्हणाला, ‘‘माझ्या आजाच्या वेळी असं झालं होतं म्हणतात. त्यानंतर आत्ता.’’ त्या दिवसापासून कौतुनाला मानाच्या खांबाजवळ, तात्याच्या शेजारी बसायला मिळालं. समोरच्या कुळाचे लोक गेली कित्येक वर्षं त्यांच्या देवकाची थट्टा करत, ‘‘आमचं देवक निदान खाऊन तरी बघता येतं,’’ असं म्हणत. ते गप्प झाले. शेजारच्या गावाहून लोक पाय बघायला येऊ लागले. कौतुना पाय पुढं करी. मुलांना सांगे, ‘‘हात लावा, हात लावा. चिमटा काढा.’’ पोरं चिमटे काढत आणि तो हसे.

त्या दिवसांतल्या बाकीच्या गोष्टी मला पुढं आठवल्या. म्हणजे, नांगी लागायच्याही आधी एकदा तो कोंडीवरून घरी आला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती आणि ती कुठं सुटली ते त्याला माहीत नव्हतं. आम्ही त्याला माडी चढली म्हणून हसलो होतो. एकदा भट्टीतल्या तापल्या दगडावर त्याचा पाय पडला आणि भाजल्याचा वास आधी रोतिआला आला. चहात चार चमचे साखर आणि वर माडी आटवून केलेला पाक, हे तर त्याचं रोजचंच. रात्रंदिवस तहान. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं, आणि आम्ही नांगी बघत बसलो.

जखम भरेना. कौतुनानं लुंगी लांब नेसायला सुरुवात केली. पाय दाखवणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणे, ‘‘देवाची गोष्ट आहे, तमाशा आहे का?’’ मग एका दुपारी नीरफणस भाजता भाजता रोतिआनं बघितलं की माश्या फणसावर बसत नाहीत, बापाच्या लुंगीवर बसतात. तिनं लुंगी वर केली आणि जखम बघून दवाखान्याकडे धावत सुटली.

दवाखान्यातली नर्स मारेवे दुसऱ्या बेटाची. बोलायला फटकळ, पण हात हलका. तिनं नारळाच्या झावळीतला एक हीर काढला, टोक केलं आणि म्हणाली, ‘‘काका, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.’’

कौतुनानं डोळे मिटले. मी आणि रोतिआ बघत होतो. मारेवेनं अंगठ्याला टोचलं, तळव्याला टोचलं, टाचेला, घोट्याला. हीर आत गेलेला मला दिसला. रक्ताचा थेंब आला. कौतुना शांत बसला होता.

शेवटी तोच म्हणाला, ‘‘पोरी, कधी सुरू करणार? मला कोंडीवर जायचंय.’’

रोतिआनं तोंडावर हात घेतला. मारेवेनं हीर बाजूला ठेवला.

‘‘काका, हा पाय आधीच मेलाय. साखरेनं मारलाय. पाकटीनं मेलेल्या पायाला नांगी मारली, म्हणून तुम्हाला कळलं नाही. बुधवारच्या विमानानं तारावाला, मोठ्या इस्पितळात चला. आत्ता गेलात तर बोटं कापण्यावर भागेल.’’

कौतुना उठला, लुंगी नीट केली. ‘‘तू बाहेरची आहेस,’’ तो म्हणाला, रागानं नव्हे. ‘‘तुला आमची आजी माहीत नाही.’’

त्या बुधवारी तो गेला नाही. पुढच्याही नाही. मी समजावलं, रोतिआ रडली, भांडली, अबोला धरला. त्याला मारेवेचं पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसे. पण विमानात बसायचं म्हणजे सगळ्या बेटाला सांगायचं की आजीनं आपल्याला ओळखलं नव्हतं. खांबाजवळची जागा सोडायची. तात्याला खोटं पाडायचं, कुळाला खाली बघायला लावायचं. बिरीबोतात्या एकदा घरी येऊन बसला, पायाकडे न बघता म्हणाला, ‘‘कौतुना, आजीनं जे राखलं ते डॉक्टरच्या हातात द्यायचं नसतं.’’ तो वाईट माणूस नव्हे. त्यालाही ऐंशीव्या वर्षी एक चमत्कार मिळाला होता. आणि ती भिंत रचायला पहिला दगड ठेवला होता मी.

‘‘दाजी, मीच सांगतो मानेआबात, की माझं चुकलं,’’ मी म्हणालो.

‘‘तू काय सांगणार? पाय माझा, आजी माझी.’’ तो हसला. ‘‘तू फक्त गोष्ट सांगितलीस. आत मी राहतो.’’

कोंडीवर जाणं त्यानं सोडलं नाही. पाण्यात उतरू नका असं मारेवेनं बजावलं होतं, म्हणून तो पाळीवर बसे आणि रोतिआ खाली काम करी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही न करता मासे बघत बसावं लागलं.

एका दुपारी ओहोटीला मी गेलो तेव्हा तो ओणवा होऊन एकटक पाण्यात बघत होता. मला बघून त्यानं बोट ओठांवर ठेवलं. गोलात बोई होत्या, वीस-तीस, नेहमीसारख्या फिरत. त्यांच्यात एक तांबोशी होती. तिच्या खालच्या ओठात कुणाचा तरी तुटलेला गळ अडकला होता, गंजलेला, भोवती मांस पांढरं पडलेलं. बाकीचे मासे भिंत धरून फिरत होते. ती फिरत नव्हती. एका दगडाशी थांबून ओठ त्याच्यावर घासत होती. थोडं पुढं जाई, परत येई, आणि त्याच दगडावर त्याच बाजूनं पुन्हा घासे. कौतुनानं खेकडा फोडून तिच्यासमोर टाकला होता. त्याच्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

‘‘केव्हापासून करतेय?’’ मी हळूच विचारलं.

‘‘मी आलो तेव्हापासून.’’

आम्ही दोघं बघत बसलो. पाणी आणखी उतरलं. रोतिआ जाळीची टोपली घेऊन खाली उतरली आणि बोई गोळा करू लागली.

बऱ्याच वेळानं कौतुना म्हणाला, ‘‘मेव्हणे, मी हा पाय कधी चोळला का रे?’’

‘‘नाही.’’

‘‘नाही चोळला. दगडावर आपटला, चोळला नाही. भाजला, फुंकर घातली नाही. नांगी घुसली तर मी दगड रचत बसलो. का? तर दुखत नव्हता. न दुखणाऱ्याला कोण जपतं?’’ त्यानं तांबोशीकडे हनुवटी केली. ‘‘ती बघ, जपतेय.’’

तांबोशी पुन्हा त्याच दगडाशी आली.

‘‘पन्नास वर्षं मी त्यांच्या डोळ्यांतून दोरी घातली,’’ तो म्हणाला. ‘‘ओरडत नाहीत म्हणून. ओरडतो तर मीही नाही. पण माझ्यात आणि तिच्यात फरक आहे. ती जिवंत आहे, पाण्यात आहे, तिला सगळं कळतंय. माझंच काहीतरी मेलंय.’’

मग तो पाळीवरून खाली सरकला. रोतिआ ओरडली, ‘‘बाबा, पाय!’’ त्यानं ऐकलं नाही. दोन हातांनी तांबोशीला दगडाशी दाबून धरलं, वर काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माशाच्या डोक्यामागं चावा घेतला. त्याला नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तोंड पुसून त्यानं मासा लेकीकडे दिला.

‘‘तुझे दात चांगले आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘मला उशिरा कळलं.’’

त्या रविवारी मानेआबात तो खांबाजवळच्या जागेवरून उठला. चालत मध्ये आला, लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली. वासानं पुढच्या बायकांनी नाकाला पदर लावावा तसे हात लावले.

‘‘आजीनं मला मारलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘जोरात मारलं होतं. मला कळलं नाही, एवढंच. तिनं विष राखलं नाही. माझा पाय मेला होता. मी बुधवारी तारावाला जातोय.’’

मला वाटलं, भिंत पडली. माझा जीव हलका झाला. मग बिरीबोतात्या सावकाश उठला, त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, ‘‘बघा. एवढी सडलेली जखम, तरी माणूस चालत आला. तोंडातून हूं नाही की चूं नाही. आजीनं दिलेलं बळ हे असं असतं.’’

आणि सभाघरात मान डोलली. सगळ्यांची. कौतुना मध्ये उभा होता, लुंगी हातात धरून, आणि त्यानं एकदा सगळीकडे नजर फिरवली. गोलात फिरणाऱ्या माशाला त्या तोंडाशी आल्यावर काय दिसत असेल ते मला तेव्हा समजलं.

तारावाला त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. बोटांवर भागायची वेळ निघून गेली होती. दीड महिन्यानं विमानातून तो उतरला तेव्हा सगळं गाव धावपट्टीवर आलं होतं, फुलांच्या माळा घेऊन. ‘‘आजीनं पाय मागून घेतला,’’ असं आता म्हणतात. ‘‘आपल्यातला एक तुकडा तिला हवा होता.’’ खांबाजवळची जागा अजून त्याचीच आहे. तिथं त्याला उचलून नेतात.

आणि आता तो पाय दुखतो. जो नाही तो. अंगठा जळतो, म्हणतो, टाचेत हीर टोचतात, घोट्यावर नांगी रुततेय, आत्ता, या क्षणी, करवतीसारखी. पहिल्यांदा त्यानं सांगितलं तेव्हा लोक हसले. समोरच्या कुळातला एक जण म्हणाला, ‘‘काका, होता तेव्हा दुखला नाही, आता नाही तर दुखतो? वेडे झालात का? नसलेलं कधी दुखतं?’’

‘‘माशाला दुखत नाही म्हणता, तसंच,’’ कौतुना म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते कुणाला समजलं नाही. तात्यानं मान डोलावली आणि त्यातूनही काहीतरी काढलं. मारेवेनं तेवढं सांगितलं की असं होतं, खरंच दुखतं. पण ती बाहेरची.

काल दुपारी मी त्याला पाठीवर घेऊन कोंडीवर नेलं. पाळीवर बसवलं. पाणी उतरत होतं, दगड एकेक करून वर येत होते. रोतिआ गोलात उतरली होती, कचकन एक चावा, मग दोरी, मग पुढचा मासा. कौतुनाचा चेहरा एकदम आवळला गेला. त्याचा हात आपोआप खाली गेला, घोटा चोळायला, आणि पाळीच्या ओल्या दगडावर पडला. दगडच चोळत राहिला थोडा वेळ.

‘‘त्या तांबोशीला निदान ओठ होता,’’ तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ बसून राहिलो. खाली बोई फिरत होत्या, भिंत धरून, तोंडापर्यंत आणि परत.